परवाना कोणासाठीं?

मराठींत विद्वान् मनुष्याला ‘बहुश्रुत’ म्हणतात. ज्यानें पुष्कळ वाचलें तो बहुश्रुत, असें आपण आतां समजतों. पण शब्दाचा मूळ अर्थ ज्यानें पुष्कळ ऐकलें तो, असा आहे. वेदांना श्रुति म्हणतात तें याच कारणानें. लेखनाचा प्रसार होण्यापूर्वीं ज्ञान माणसाकडे कानाच्या वाटेनें येत असे, आणि छापखाने कितीहि झाले तरी मूल आपली मातृभाषा अद्यापि त्याच वाटेनें शिकतें. म्हणून ज्याचा कान उणा त्याची उणीव एका इंद्रियापुरती राहत नाहीं; ती भाषेंत, शिक्षणांत आणि शेवटीं माणसामाणसांतील संबंधांत उतरते. हें ध्यानांत घेतलें म्हणजे कानाची परीक्षा कोणी करावी, ती करण्याचा अधिकार कोणास असावा व तो कोणत्या अटींवर द्यावा, हा प्रश्न केवळ सरकारी कचेरीचा राहत नाहीं. वाङ्मयाच्या मासिकांतहि त्याचा ऊहापोह होणें अस्थानीं नाहीं, असें आम्हांस वाटतें.

श्रवणदोष कोणत्या जातीचा व किती आहे हें ठरवून त्यावर यंत्र, शिक्षण किंवा शस्त्रक्रियेची शिफारस यांपैकीं काय योग्य तें सांगणारा जो तज्ज्ञ, त्याला ऑडिओलॉजिस्ट म्हणतात; आपण त्याला श्रवणतज्ज्ञ म्हणूं. कान-नाक-घशाचा डॉक्टर तो हा नव्हे. डॉक्टर कानाचा रोग बरा करतो. रोग बरा होऊनहि, किंवा मुळांत बरा होण्याजोगा रोग नसतांहि, जें ऐकूं येत नाहीं त्याची व्यवस्था श्रवणतज्ज्ञ पाहतो. ही विद्या वयानें लहान आहे. दुसऱ्या महायुद्धांत श्रवणशक्ति गमावलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठीं अमेरिकेंत जे प्रयत्न झाले, त्यांतून ती स्वतंत्र शास्त्र म्हणून उभी राहिली. आपल्याकडे तिचें पद्धतशीर शिक्षण १९६० नंतरच्या दशकांत मुंबईच्या नायर रुग्णालयांत व म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेंत सुरू झालें. १९८३ सालीं मुंबईस वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था निघाली. १९९२ सालीं संसदेनें भारतीय पुनर्वसन परिषदेचा कायदा केला व तो पुढच्या वर्षीं अंमलांत आला. या कायद्यानें ज्या व्यवसायांना नोंदणी आवश्यक ठरविली, त्यांच्या यादींत श्रवणतज्ज्ञ व वाचातज्ज्ञ यांचें नांव पहिलें आहे. ज्याचें नांव परिषदेच्या नोंदवहींत नाहीं त्यानें हा व्यवसाय करूं नये, या नात्यानें सरकारी जागेवर बसूं नये, कायद्याला लागणाऱ्या दाखल्यावर सही करूं नये आणि न्यायालयांत तज्ज्ञ म्हणून साक्ष देऊं नये, अशीं चार बंधनें त्यांत घातलीं. हीं बंधनें मोडणारास एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली.

या गोष्टीला तीस वर्षें उलटून गेलीं. कायदा झाला तेव्हां कानाचीं यंत्रें येईल तो आवाज थोड्याफार फरकानें मोठा करून देत. आतां तीं संगणकाच्या जातीचीं झालीं असून प्रत्येक कानासाठीं निराळीं जुळवावीं लागतात. तेव्हां मूल दोन-तीन वर्षांचें होऊन बोलेना म्हणजे आईबापांस संशय येई. आतां निजलेल्या अर्भकाच्या कानांत लहानशी नळी ठेवून अंतःकर्णाचें उत्तर कांहीं मिनिटांत मोजतां येतें. कॉक्लियर इम्प्लांट कानांत बसविण्याचें काम शस्त्रवैद्याचें. पण तें बसविल्यानंतर महिनोन् महिने त्याची जुळणी करण्याचें व मुलाला ऐकावयास शिकविण्याचें काम श्रवणतज्ज्ञाचें व वाचातज्ज्ञाचें आहे. परवान्यासाठीं आज चार वर्षांची पदवी लागते व तींतील एक वर्ष प्रत्यक्ष उमेदवारीचें असतें. नोंदणीचें दर पांच वर्षांनीं नूतनीकरण करावें लागतें व त्यासाठीं चालू शिक्षणाचे गुण दाखवावे लागतात. एवढ्या अटी पुरेशा आहेत काय, हा प्रश्न साहजिकच निघाला आहे आणि त्याला दोन उलट उत्तरें मिळतात. एक पक्ष म्हणतो, विद्या वाढली, तेव्हां अटीहि वाढवा. दुसरा म्हणतो, माणसेंच मिळत नाहींत, तेव्हां अटी सैल करा.

दुसऱ्या पक्षाचा विचार आधीं करूं. कारण त्याच्या पाठीशीं मोठें नांव आहे. आगरकरांच्या पिढीनें ज्याला गुरुस्थानीं मानलें त्या जॉन स्टुअर्ट मिल्लनें १८५९ सालच्या आपल्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणांत असें मत मांडलें आहे कीं, सरकारनें परीक्षा घ्याव्या, उत्तीर्ण होणारांस प्रमाणपत्रें द्यावीं. पण लोकमत त्या प्रमाणपत्रास जें वजन देईल त्यापलीकडे प्रमाणपत्रवाल्यास दुसरा कोणताहि फायदा मिळूं नये. पुढें शंभर वर्षांनीं, १९६२ सालीं, मिल्टन फ्रीडमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें हाच विचार ताणून डॉक्टरांनासुद्धां परवान्याची सक्ति नसावी असें प्रतिपादन केलें. परवान्याची मागणी लोकरक्षणाच्या नांवानें होते, पण ती घेऊन कायदेमंडळाच्या दाराशीं जातात ते धंदेवालेच, गिऱ्हाइकें नव्हेत, हें त्याचें निरीक्षण खोटें म्हणतां येणार नाहीं. आपल्या जातिव्यवस्थेंत धंद्याभोंवतीं कुंपणें घालून बसण्याची विद्या आपण कोणाकडून शिकण्याची आवश्यकता नव्हती. कुंपण घालणारे नेहमींच म्हणतात कीं, तें शेताच्या रक्षणासाठीं आहे.

परंतु मिल्लच्या युक्तिवादाला एक गृहीत गोष्ट लागते. गिऱ्हाइकाला माल वाईट निघाला हें कळतें, तो तें दुसऱ्याला सांगतो, आणि त्या सांगण्यांतून लोकमत बनतें, ही ती गोष्ट होय. जोडा चावला तर पाय सांगतो. स्वयंपाक बिघडला तर जीभ सांगते. कानाच्या व्यवसायांत मात्र हें गृहीतच ढांसळतें. येथें झालेली चूक कोणाला ऐकूं येत नाहीं आणि ज्याच्यावर ती झाली त्याला तर मुळींच नाहीं.

हें कसें होतें तें कोणत्याहि घरांत पाहावें. आजोबांना हल्लीं नीट ऐकूं येत नाहीं. ते नातवाला म्हणतात, मोठ्यानें बोल. नातू मोठ्यानें बोलला कीं म्हणतात, ओरडतोस कशाला? घरांतील माणसें हंसतात किंवा चिडतात, आणि दोष म्हातारपणाच्या हट्टीपणास देतात. वस्तुतः यांत हट्ट कांहीं नाहीं. अंतःकर्णाच्या पेशी झिजल्या म्हणजे हलका आवाज ऐकूं येईनासा होतो, पण मोठा आवाज पूर्वींइतकाच, किंबहुना अधिक, बोंचतो. ऐकूं येणें व सहन होणें यांमधली जागा अरुंद होते. शिवाय उंच स्वरांचे आवाज आधीं जातात. त्यामुळें आजोबांना स्वर ऐकूं येतात पण स, श यांसारखीं व्यंजनें निसटतात. ‘सात’ म्हटलेलें ‘हात’ ऐकूं येतें, आणि त्यांना वाटतें कीं आजकालचीं मुलें तोंडांतल्या तोंडांत बोलतात. अशा कानाला सरसकट आवाज वाढविणारें यंत्र बाजारांतून आणून लावलें तर काय होईल? भांडें पडल्याचा आवाज असह्य होतो, शब्द मात्र पूर्वींइतकेच अस्पष्ट राहतात. आठ दिवसांनीं तें कपाटांत जातें. आजोबा म्हणतात, आतां माझें वयच झालें. त्यांनीं दुकानदारास दोष दिला नाहीं, यंत्रालाहि दिला नाहीं. आपल्या आयुष्याला दिला. ही तक्रार कोणत्या लोकमतापर्यंत पोंचणार?

मुलाची गोष्ट याहून गंभीर आहे. जन्मतः न ऐकणारें मूल हंसतें, रडतें, पहिले कांहीं महिने इतर मुलांसारखे आवाजहि काढतें. दीड वर्षाचें होऊन बोलेना, तर घरांतील वडील मंडळी धीर देतात, कांहीं मुलें उशिरा बोलतात, याचा बापहि उशिराच बोलूं लागला. हा धीर प्रेमाचा असतो, पण त्यांत जे महिने जातात ते परत येत नाहींत. मेंदूंत भाषेचा पाया पहिल्या कांहीं वर्षांतच बसतो. म्हणून पहिल्या महिन्याच्या आंत चांचणी, तिसऱ्याच्या आंत निदान, सहाव्याच्या आंत उपाय, असा क्रम या शास्त्रांत घालून दिलेला आहे. ज्यानें त्या मुलाची परीक्षा करून ‘कांहीं नाहीं, ठीक आहे’ असें चुकीचें सांगितलें, त्याच्यावर तें मूल कधींहि फिर्याद करणार नाहीं. कारण फिर्याद करण्यास लागणारी भाषाच त्यानें त्या मुलाकडून हिरावून घेतली. मिल्लनेंहि आपलें तत्त्व प्रौढांपुरतें मर्यादित ठेविलें होतें, मुलांना तें लागू केलें नव्हतें, हें येथें लक्षांत घेण्यासारखें आहे.

आणखी एक बाब आहे. श्रवणतज्ज्ञ जो आंकडा लिहितो तो उपचाराचा आधार असतोच, पण साक्षहि असते. २०१६ सालच्या दिव्यांगांच्या हक्कांविषयींच्या कायद्याप्रमाणें दोन्ही कानांत ७० डेसिबलची हानि असेल तो बधिर, आणि ६० पासून ७० पर्यंत असेल तो ऐकण्यास जड, अशा मर्यादा आहेत. या आंकड्यावर कोणाला शिष्यवृत्ति मिळते, कोणाला नोकरी मिळते, कोणाची जाते. अर्थात् शांत खोली नसतां, किंवा यंत्राची वार्षिक जुळवणी चुकविली असतां काढलेला आंकडा हा निष्काळजीपणाच नव्हे, तर खोटी साक्ष ठरतो. हातांत कांटा असणारास वजनांची तपासणी चुकवितां येत नाहीं. मग ज्याच्या कांट्यावर मनुष्याचा हक्क तोलला जातो त्याला ती कां चुकवितां यावी?

या सर्व कारणांनीं परवाना हवाच, असें आम्ही म्हणतों. आणि हें कांहीं परकें मत नव्हे. सुश्रुतानें वैद्यानें धंद्यास केव्हां लागावें तें सांगितलें आहे. शास्त्र पढलेलें असावें, त्याचा अर्थ उमगलेला असावा, कर्म प्रत्यक्ष पाहिलेलें व हातानें गिरविलेलें असावें, तें दुसऱ्यास सांगतां यावें, आणि त्यावर राजाची अनुज्ञा मिळालेली असावी. मगच वैद्यानें गांवच्या रस्त्यावर पाऊल टाकावें. नुसतें शास्त्र जाणणारा किंवा नुसतें कर्म जाणणारा वैद्य त्याला एका पंखाच्या पक्ष्यासारखा वाटतो. दोन्ही न जाणणारा कुवैद्य लोभानें लोकांचा घात करतो, आणि त्या घाताचें खापर सुश्रुत राजाच्या दोषावर फोडतो. वैद्य मूर्ख निघाला तर त्याचें पाप त्याचें. पण मूर्खाला रस्त्यावर येऊं दिलें हें पाप राजाचें. परवान्याचें नैतिक मूळ यापेक्षां स्पष्ट कोणीं सांगितलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. ज्याला स्वतःला पारखतां येत नाहीं त्याच्या वतीनें कोणी तरी पारखण्याची जबाबदारी घेतली आहे, असें वचन म्हणजे परवाना. तें वचन धंदेवाल्याला दिलेलें नाहीं. रोग्याला दिलेलें आहे.

मात्र वचन रोग्याला दिलेलें आहे असें एकदां मानलें म्हणजे पहिल्या पक्षाचीहि सुटका होत नाहीं. ‘अटी वाढवा’ म्हणणें सोपें आहे. त्या वाढविल्यानें वचन कोणापर्यंत पोंचतें हें पाहणें कठीण. यासाठीं आम्ही वाचकांस मुंबई-पुण्याहून दूर, आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत येण्याची विनंति करतों.

या जिल्ह्याचे सोळा तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणें त्यांत २७,७२,३४८ माणसें राहतात. जिल्ह्याच्या ठिकाणीं १९८९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण उमरखेडच्या माणसाला तेथें यावयाचें तर शंभराहून अधिक किलोमीटरचा रस्ता पडतो, आणि यवतमाळहून नागपूर पुढें आणखी सुमारें दीडशें किलोमीटर. कापूस वेचणीच्या दिवसांत हा प्रवास म्हणजे दोन माणसांची मजुरी बुडणें. कारण ज्याला ऐकूं येत नाहीं तो एकटा जात नाहीं. श्रवणाची एक भेट पुरत नाहीं, हें तर वेगळेंच. निदानाला एक, यंत्र लावण्याला एक, तें जुळविण्याला तीन-चार. वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत, गांवोगांव जिनिंगचे कारखाने आहेत. त्यांच्या आवाजांत वर्षानुवर्षें उभा राहणारा कामगार हळूहळू बहिरा होतो आणि तेंहि त्याला उशिरा समजतें. या माणसांना आपण असें सांगणार काय कीं, परवान्याच्या अटी आम्हीं पुष्कळ कडक केल्या आहेत, मात्र त्या पुऱ्या करणारा मनुष्य तुमच्यापासून दिवसभराच्या वाटेवर आहे? अशा वेळीं माणूस वाट पाहत नाहीं. तो आठवडी बाजारांतून किंवा टपालानें मिळेल तें कानाचें मशीन घेतो. अटी वाढल्या, तज्ज्ञ वाढले नाहींत, आणि त्या दोहोंमधल्या मोकळ्या जागेंत परवाना नसलेला मनुष्य दुकान मांडून बसला, तर परवान्यानें रोग्याचें रक्षण केलें असें कोण म्हणेल? ही तर नांव सोनुबाई, हातीं कथलाचा वाळा, अशी गत होय.

येथेंच दुसरी एक उणीव दृष्टीस पडते आणि आमच्या मतें नव्या अटींत तिला पहिलें स्थान मिळावयास पाहिजे. ही उणीव भाषेची. केंद्रीय नोंदवहींत एकदां नांव लागलें कीं भारतांत कोठेंहि व्यवसाय करतां येतो. रोग्याची भाषा येते कीं नाहीं, हें परवाना विचारीत नाहीं. नुसत्या नादाची परीक्षा, म्हणजे शीळ ऐकूं आली कीं बोट वर करणें, ही बऱ्याच अंशीं भाषेवांचून होते. पण मनुष्य नाद ऐकण्यासाठीं कान वापरीत नाहीं, बोलणें ऐकण्यासाठीं वापरतो. म्हणून शब्दांची यादी वाचून, त्यांतले किती नीट उमगले हें मोजण्याची परीक्षा करावी लागते. ही यादी कोणत्या भाषेंत वाचणार? झरी-जामणी, मारेगांव, केळापूर या भागांत कोलाम लोक राहतात. त्यांची कोलामी ही द्राविडी कुळांतील भाषा आहे. गोंडांची गोंडी तशीच. पुसद-दिग्रसकडील तांड्यांवर गोरमाटी बोलतात. कोलाम म्हातारीपुढें मराठी शब्द वाचले आणि तिला ते उमगले नाहींत, तर तो दोष तिच्या कानाचा कीं परीक्षकाच्या यादीचा? आणि तिच्या नातवाला केवळ मराठीनें बोलावयास शिकवून घरच्या भाषेला मुका ठेविलें, तर त्याच्यावर उपचार झाला कीं त्याला आजीपासून तोडलें? तज्ज्ञानें दहा भाषा शिकाव्या असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या जिल्ह्यांत व्यवसाय करावयाचा तेथील भाषांत तपासलेल्या याद्या वापरणें, तशा नसतील तर अहवालांत तसें स्पष्ट लिहिणें, आणि शिकलेला दुभाषी बरोबर ठेवणें, एवढी अट घालतां येईल. ज्या परीक्षेंत परीक्षकच रोग्याचें बोलणें ऐकूं शकत नाहीं, त्या परीक्षेंत बहिरा कोण, हें आधीं ठरवावें लागेल.

मग माणसें नाहींत त्याची वाट काय? आम्हांस एकच वाट दिसते: कामाचे तुकडे करावे, जबाबदारीचे करूं नयेत. प्राथमिक चांचणी करणें, कानांत मळ आहे कीं काय हें पाहून पुढें पाठविणें, यंत्राची घडी बदलणें, बॅटरी कशी घालावी हें दाखविणें, घरच्यांना कसें बोलावें तें सांगणें, हीं कामें चार वर्षांची पदवी नसलेला पण नीट शिकविलेला मनुष्य करूं शकतो. एक वर्षाच्या पदविका आजहि आहेत. गांवांत आशा कार्यकर्ती आहे, अंगणवाडी सेविका आहे. कोणाचें मूल हांक मारल्यावर वळत नाहीं हें जिल्हा रुग्णालयाच्या आधीं त्यांना माहीत असतें. २००७ सालीं केंद्र सरकारनें बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा जो राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला त्याचा आधार हीच कल्पना होती. पण निदान ठरविणें, आंकड्यावर सही करणें आणि लहान मुलास यंत्र लावणें हीं कामें तज्ज्ञाचींच राहिलीं पाहिजेत. आणि साहाय्यकानें जें केलें त्याचा जाब ज्याच्या देखरेखीखालीं तो काम करतो त्या तज्ज्ञानें, नांवानिशीं, दिला पाहिजे. यावर आक्षेप येईल कीं, शहराला तज्ज्ञ व खेड्याला मदतनीस, अशी नवी वर्णव्यवस्था तुम्ही निर्माण करतां. आक्षेप खरा आहे, जर मदतनीसाशीं गोष्ट संपत असेल तर. तो दार असेल तर खरा नाहीं. दार व भिंत यांतला फरक पलीकडे कोणी उभा आहे कीं नाहीं यावर ठरतो. म्हणून ठराविक दिवशीं तालुक्याच्या गांवीं तज्ज्ञानें येणें हें सरकारी चाकरीचें किंवा परवान्याचें अंग असावें, उपकार नसावा.

आतां सर्वांत नाजूक मुद्दा. जो कान तपासतो तोच यंत्र विकतो, अशी व्यवस्था आज पुष्कळ ठिकाणीं आहे. ‘कानाची तपासणी मोफत’ अशी पाटी आपण वाचतों आणि दुकानदाराचे आभार मानतों. पण तपासणीची किंमत कोठें तरी वसूल होतच असते. ती यंत्राच्या किंमतींत मिळविलेली असते, आणि यंत्र खपलें नाहीं तर ती वसूल होत नाहीं. अशा स्थितींत ‘तुम्हांला यंत्राची गरज नाहीं’ हें वाक्य उच्चारणें म्हणजे आपल्या पदरचें देणें होय. मनुष्य प्रामाणिक असला तरी त्याचा प्रामाणिकपणा रोज सकाळीं अशा कसोटीस लावावा, हें नीतीला धरून नाहीं. अमेरिकेंत १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत या व्यवसायाच्या प्रमुख संघटनेच्या नीतिनियमांत, सभासदानें नफ्यासाठीं यंत्रें विकूं नयेत असें बंधन होतें. पुढें व्यावसायिक संघटनांनीं स्पर्धेवर बंधनें घालणें तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालानें अडचणींत आलें व तो नियम गेला. विक्री अजिबात बंद करावी असें आम्ही म्हणणार नाहीं; छोट्या गांवीं तपासणाऱ्यानें यंत्र दिलें नाहीं तर तें कोणी देणार नाहीं. पण तपासणीचें बिल वेगळें असावें, श्रवणालेखाची प्रत रोग्याच्या हातीं पडावी म्हणजे तो ती घेऊन दुसरीकडे जाऊं शकेल, यंत्राच्या किंमती उघड लावलेल्या असाव्या, आणि यंत्र दिल्यावर ठराविक मुदतींत पुनः तपासून तें उपयोगीं पडतें कीं नाहीं याची नोंद ठेवणें बंधनकारक असावें. कपाटांत पडलेल्या यंत्राची तक्रार आजोबा करणार नाहींत. म्हणून ती विचारावयास जाणें हें परवानाधारकाचें कर्तव्य असलें पाहिजे.

यावरूनच नूतनीकरणाच्या अटींत काय बदल हवा तेंहि सुचतें. पांच वर्षांत किती व्याख्यानांस हजर राहिला यावर गुण मोजणें सोयीचें असतें, कारण हजेरी मोजतां येते. परंतु हजेरी ही विद्येची खूण नव्हे, हें ज्यांनीं कॉलेजांत दिवस काढले त्यांना सांगावयास नको. त्याऐवजीं त्याच्या स्वतःच्या कामांतले कांहीं अहवाल निवडून दुसऱ्या जाणत्यानें तपासावे, यंत्रांच्या वार्षिक जुळवणीचे दाखले पाहावे, किती रोग्यांची फेरतपासणी झाली तें विचारावें. सुश्रुताच्या भाषेंत बोलावयाचें तर शास्त्र ऐकलेलें आहे कीं नाहीं एवढेंच न पाहतां कर्म गिरविलेलें आहे कीं नाहीं हेंहि पाहावें. आणि दंडाबद्दल काय बोलावें? १९९२ सालीं ठरविलेली एक हजार रुपयांची मर्यादा आजच्या एका चांगल्या यंत्राच्या किंमतीपुढें इतकी क्षुल्लक आहे कीं, तिला शिक्षा म्हणण्यापेक्षां धंद्याचा खर्च म्हणणें अधिक योग्य. नियम कडक व दंड नाममात्र असेल तर नियम पाळणाराच मूर्ख ठरतो.

कोणी म्हणेल, हा सारा खटाटोप आतां व्यर्थ आहे. यंत्रेंच इतकीं शहाणीं झालीं आहेत कीं माणसाची गरज उरणार नाहीं. २०२२ सालीं अमेरिकेनें चिठ्ठीवांचून दुकानांत श्रवणयंत्रें विकण्यास परवानगी दिली, आणि २०२४ सालीं तर गाणीं ऐकण्यासाठीं कानांत घालावयाच्या साधनांतील एका आज्ञावलीस श्रवणयंत्र म्हणून मान्यता मिळाली, हें खरें. पण ही मोकळीक किती विचारानें मोजून दिली आहे तें पाहावें. ती अठरा वर्षांवरील प्रौढांपुरती आहे आणि सौम्य व मध्यम दोषापुरती आहे. स्वातंत्र्याचा इतका अभिमान बाळगणाऱ्या देशानेंहि मुलांचे कान बाजाराच्या स्वाधीन केले नाहींत. जो स्वतः वाचूं शकतो, तुलना करूं शकतो, माल परत करूं शकतो त्याच्या वाटेंत परवान्यानें उभें राहूं नये. ज्याला यांतलें कांहीं करतां येत नाहीं त्याच्या पाठीशीं मात्र त्यानें उभें राहावें. यंत्र शहाणें झाल्यानें ही सीमारेषा सरकेल, पुसली जाणार नाहीं.

सरकारनें काय करावें हें इतकें सविस्तर लिहून झाल्यावर, आपण काय करावें याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. आमचे बहुतेक वाचक सुशिक्षित कुटुंबांतले आहेत. घरांतील मूल हांकेला वळत नाहीं असें वाटलें तर दुसऱ्याच दिवशीं त्याची परीक्षा करवावी. ज्याच्याकडे जातों त्याचा नोंदणीक्रमांक विचारण्यांत अपमान मानण्याचें कारण नाहीं. खऱ्या तज्ज्ञाला तो सांगण्यांत आनंदच वाटेल. आजोबांच्या कपाटांतलें यंत्र बाहेर काढून, तें कां काढून ठेविलें हें त्यांच्याजवळ बसून, तोंडासमोर येऊन, सावकाश विचारावें. शेतावर काम करणारा गडी किंवा घरीं येणारी मोलकरीण ‘काय?’ असें वारंवार विचारीत असेल, तर तिला मंद समजण्यापूर्वीं तिचा कान कोणीं पाहिला आहे काय, याची चौकशी करावी. परवाना हें समाजानें दिलेलें वचन आहे असें आम्हीं वर म्हटलें. तें पाळलें जातें कीं नाहीं हें ज्यांना ऐकूं येत नाहीं त्यांना कळण्याचा मार्ग नाहीं. तें पाहण्याचें काम ज्यांना ऐकूं येतें त्यांच्याकडेच येतें, आणि त्यांनींच कानाडोळा केला तर कायद्यांतील कितीहि चांगलीं कलमें खेड्यापर्यंत पोंचणार नाहींत.